लाकूडफाटा : करवत कुणाच्या दारात?

या महिन्यातल्या पत्रांचा रोख थेट युरोपकडे आहे. त्यात नवल नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत सागवानाच्या बरोबरीने स्टीम बीच (वाफवलेला बीच), ॲश, ओक ही युरोपातली लाकडं येऊन पडायला लागली, तेव्हापासून वखारीत नुसता भाव विचारायला आलेला माणूसही 'तिकडे जर्मनीत काय चाललंय' हे विचारून जातो. निवडक पत्रं घेते आहे. पहिलं उत्तर लांबलंय, कारण विषय माझ्या आवडीचा आहे. संपादकांनी कात्री जरा जपून चालवावी.

प्रश्न : ताई, मी एम. ए. अर्थशास्त्राला आहे, गंगापूर रोडला राहतो. प्रकल्पासाठी 'युरोपीय देशांतला हार्डवुडचा व्यापार, 1961 ते आज' हा विषय घेतला. जर्मनी, फ्रान्स, क्रोएशिया, इटली आणि ब्रिटन असे पाच देश. आकडे उतरवून घेतले, पण काही म्हणता काही जुळत नाही. जर्मनी म्हणते इटलीला इतकं विकलं, इटली म्हणते आम्ही तितकं घेतलंच नाही. क्रोएशियाचा तर 1992 आधीचा रकानाच रिकामा. सर म्हणतात, 'आलेख काढ, कल दिसेल.' कल दिसतो, पण त्यावर विश्वास बसत नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : विश्वास बसत नाही हे बरं लक्षण आहे. रकाना रिकामा असणारच. 1991 पर्यंत क्रोएशिया हा युगोस्लाव्हियाचा भाग होता, आणि जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या (तिला पुढे एफएओच म्हणते) तक्त्यांत क्रोएशिया, स्लोव्हेनिया, बोस्निया ही नावं 1992 पासून सुरू होतात. बेल्जियम 1999 पर्यंत लक्झेंबर्गला जोडून छापलेला सापडेल. चेकोस्लोव्हाकिया 1992 ला संपतो. तेव्हा आलेखाच्या आधी नकाशा घेऊन बस. जंगल जागचं हलत नाही, पण त्याचा देश बदलतो.

हे किती विचित्र होऊ शकतं ते बघ. मिखाएल थोनेटने 1850 च्या दशकात मोराव्हियातल्या कोरीचानी गावी खुर्च्यांचा कारखाना काढला, कारण भोवती बीचचं जंगल होतं. वाफेवर वाकवलेल्या बीचची त्याची 14 नंबरची खुर्ची 1859 ची. 1930 पर्यंत ती पाच कोटींच्या आसपास खपली. इराण्याच्या हॉटेलातली ती गोल पाठीची खुर्ची याच घराण्यातली. आता कोरीचानीचा माल 1918 पर्यंत ऑस्ट्रियाच्या खात्यात, मग चेकोस्लोव्हाकियाच्या, 1993 पासून चेक प्रजासत्ताकाच्या. हंगेरीचं तर विचारूच नको. पहिल्या महायुद्धानंतरच्या, 1920 च्या ट्रायनॉन तहात तिची पाचांतल्या चार हिश्शांहून जास्त जंगलं सीमेपलीकडे गेली. ट्रान्सिल्व्हेनिया रोमानियाला, स्लाव्होनियाचा ओक पुढे युगोस्लाव्हिया म्हणवलेल्या राज्याला. लाकूड विकणारा देश एका सहीने लाकूड शोधत फिरायला लागला. तुझ्या आलेखात हे 'हंगेरीच्या निर्यातीत घसरण' म्हणून उमटेल, आणि तोंडी परीक्षेत कुणीतरी तुला विचारेल की हंगेरियन सुतार आळशी झाले का.

दुसरी गोष्ट मालाची. एफएओच्या तक्त्यात हार्डवुड म्हणजे सूचिपर्णी नसलेलं सगळं. त्यात ओक, बीच आलाच, पण पॉप्लर आणि निलगिरीही आली. पोर्तुगाल आणि स्पेनचा आकडा फुगलेला दिसला तर तिथे ओकची जंगलं उगवली असं समजू नकोस, ती कागदाच्या लगद्याची निलगिरी आहे. फिनलंड कैक वर्षं रशियाकडून बर्चचे ओंडके घ्यायचा, तेही लगद्यासाठीच. युक्रेनवर हल्ला झाल्यावर 2022 मध्ये तो ओघ आटला. खुर्ची करणारा, दारूचं पिंप करणारा आणि कागद करणारा, तिघांचं लाकूड एका बेरजेत घालून देशांची तुलना केलीस तर निघेल काय? काहीही निघेल.

म्हणून माल अरुंद धर. सीमाशुल्काचे एचएस कोड, म्हणजे प्रत्येक मालाला देशोदेशी एकसारखे दिलेले क्रमांक, 1988 च्या सुरुवातीपासून लागू आहेत. त्यात 4403 म्हणजे ओंडके, 4407 म्हणजे चिरलेलं लाकूड. चिरलेला ओक 4407 91, चिरलेला बीच 4407 92. हे दोन कोड आजवर टिकले आहेत, त्यांच्यावर काम कर. ॲशला मात्र 2007 मध्ये स्वतंत्र कोड मिळाला; त्याआधी तो 'इतर'मध्ये पडून आहे, तिथून तो वेगळा काढता येत नाही. बीचच्या ओंडक्यांचा 4403 92 हा कोड 2016 ला संपतो आणि 2017 पासून जाडीप्रमाणे 93 आणि 94 असे दोन सुरू होतात. हे ठाऊक नसेल तर वाटतं की 2017 साली युरोपातला बीच एका रात्रीत गायब झाला. 1961 चा हट्ट सोडून दे. 1988 पासून नीट केलंस तरी पस्तीसहून जास्त वर्षं हातात येतात. आधीचा काळ प्रस्तावनेत गोष्टीसारखा सांग.

जुन्या ब्रिटिश आकड्यांना हात लावणार असशील तर मापाकडे बघ. ही खुबी आमच्या वखारीतही रोज चालते, म्हणून मापून दाखवते. समज एक ओंडका आहे, लांबी 3 मीटर, मधोमध घेर 160 सेंटिमीटर. आपल्याकडे गोल माल 'क्वार्टर गर्थ'वर मोजतात : घेराचा चौथा हिस्सा 40, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. आले 0.48 घनमीटर, म्हणजे सतरा घनफुटांच्या जरासं आत. आता तोच ओंडका वर्तुळ धरून मोज. 0.61 घनमीटर, साडेएकवीस घनफूट. लाकूड तेच आहे. ही पद्धत एडवर्ड हॉपस या इंग्रजाच्या कोष्टकांतली, 1736 सालची. चिरताना फुकट जाणाऱ्या कडा तो आधीच वजा करतो. ब्रिटनचा हार्डवुडवाला विसाव्या शतकात बराच काळ हॉपस फुटात बोलत होता, तर जर्मन माणूस साल वजा करून भरीव घनमीटर मोजत होता, आणि फ्रान्सचा जळाऊ लाकडाचा 'स्टेर' म्हणजे रचलेल्या थप्पीचा घनमीटर, ज्यात हवाही मोजली जाते. हे सगळं एका रकान्यात घातलंस की ब्रिटन उगाचच बारीक दिसतो.

आता जर्मनी आणि इटलीचं भांडण. त्याचं मोठं कारण 1 जानेवारी 1993. त्या दिवशी युरोपच्या अंतर्गत सीमांवरचे जकातनाके उठले. त्याआधी प्रत्येक ट्रकचा कागद नाक्यावर फाटायचा. त्यानंतर व्यापाऱ्याने स्वतः भरून द्यायचं पत्रक आलं, त्याला इन्ट्रास्टॅट म्हणतात. ठरावीक उलाढालीच्या आतल्या व्यापाऱ्यांना त्यातून सूट, आणि ही मर्यादा प्रत्येक देशाची वेगळी. लाकडाचा धंदा म्हणजे लहान लहान सॉ मिल्सचा. दोन ट्रक बीच सीमेपलीकडे पाठवणारा माणूस जर्मनीच्या हिशेबात येतो आणि घेणारा इटलीच्या हिशेबातून सुटतो, किंवा उलट. दोघंही खोटं बोलत नाहीत. म्हणून 1992 आणि 1993 च्या मधे आलेखावर उभी रेघ मार. क्रोएशिया 1 जुलै 2013 ला युरोपीय संघात आला, तिथे त्याच्यासाठी दुसरी रेघ. ब्रिटनसाठी उलटी रेघ 2021 ला. बाहेर पडल्यावर त्याचा माल पुन्हा नाक्यावर नोंदला जाऊ लागला. या रेघा न मारता कुणी 'एकसंध बाजारपेठेमुळे व्यापार घटला' असा निष्कर्ष काढला तर तो हसून सोडून द्यावा.

बंदरांचाही घोळ असतो. कॅमेरूनचं सापेली हे लाकूड बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात उतरतं, तिथल्या गोदामात थांबतं आणि मग हॉलंडला किंवा फ्रान्सला जातं. बेल्जियमच्या आयातीत एकदा, निर्यातीत एकदा, पुढच्याच्या आयातीत पुन्हा. बेल्जियम एवढ्या लाकडाचं करतो काय, असा प्रश्न तुला पडला असेल. बरंचसं पुढे ढकलतो.

वर्षं निवडताना वादळं टाळ. 1999 च्या डिसेंबरात ख्रिसमसच्या मागोमाग लोथार आणि मार्टिन ही दोन वादळं आली, एकट्या फ्रान्समध्ये सुमारे 14 कोटी घनमीटर झाडं आडवी झाली. बीच फार दिवस पडू देता येत नाही, बुरशी धरतो. मिळेल त्या भावाने विकावा लागतो. 2000 हे वर्ष पाया धरलंस तर पुढचं सगळं घसरणीत दिसेल. 1990 च्या वादळांचं तेच, 2009 च्या मंदीचंही. तीन-तीन वर्षांची सरासरी घे.

आणि एवढं सगळं केल्यावर मग खरा प्रश्न विचार : करवत कुणाच्या दारात चालली? एक घनमीटर चिरलेला बीच निघायला ढोबळमानाने दोन घनमीटर ओंडका लागतो. ओंडके विकणारा आणि फळ्या विकणारा यांची घनमीटरात तुलना करणं म्हणजेच फसणं. दोघांना ओंडक्याच्या हिशेबात आण. मग दिसतं की इटलीत जंगल थोडं होतं असं नाही, पण फ्रिउलीमधल्या मांझानोच्या आसपास खुर्च्या करणाऱ्या गावांचा जो त्रिकोण आहे, त्याला युगोस्लाव्ह सीमा हाकेवर होती. बीच तिकडून यायचा, खुर्ची इकडे व्हायची. 2000 नंतर चिनी खुर्चीने त्या गावांना घाम फोडला. चीनने 1998 च्या महापुरानंतर आपली नैसर्गिक जंगलं तोडायचं आवरतं घेतलं आणि 2017 पर्यंत पूर्ण थांबवलं, पण कारखाने थांबवले नाहीत. युरोपात माल उतरवून रिकामे परतणारे कंटेनर होतेच, त्यांत फ्रान्सचा ओक आणि जर्मनीचा बीच ओंडक्यांनी भरून जायला लागला.

यावर प्रत्येक देशाने काय केलं, हा तुझ्या प्रकल्पाचा गाभा होऊ शकतो. युक्रेनने 2015 मध्ये पाइन सोडून बाकी ओंडक्यांची निर्यात बंद केली, 2017 पासून पाइनचीही. युरोपीय संघाने तक्रार केली आणि 2020 च्या डिसेंबरात लवादाने ती बंदी करारात बसत नाही असं म्हटलं. क्रोएशियाने 2017 मध्ये ओकवर पडलेल्या एका किडीचं कारण देऊन ओल्या ओंडक्यांना अटकाव केला. कीड खरी होती, पण ओल्या ओंडक्यांवर घातलेला अटकाव सॉ मिलवाल्यांच्या पथ्यावर पडला, हे सांगायला कीटकतज्ज्ञ लागत नाही. फ्रान्सने उघड बंदी न घालता सरकारी जंगलातल्या ओकच्या लिलावाला अट जोडली : चिरकाम युरोपीय संघातच झालं पाहिजे. लासलगावच्या आसपास वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. 2023 च्या डिसेंबरात कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा भाव कुणाचा पडला आणि स्वस्ताई कुणाला लाभली, हे आपण पाहिलं. ओंडक्याच्या बंदीतही तेच होतं. जंगलमालकाचा भाव पडतो, करवतवाल्याला स्वस्त माल मिळतो, आणि शेजारच्या देशात भाव चढतो. हा शेजारचा चढ तुला आकड्यांत पकडता आला तर प्रकल्प छापण्याजोगा होईल.

प्रश्न : युरोपात सगळ्यात जास्त हार्डवुड कोण विकतं? एका वाक्यात सांगा. — एक वाचक, सिन्नर

उत्तर : एका वाक्यात : ओंडका की फळी, ओक की निलगिरी, घनमीटर की युरो, हे आधी सांगा, कारण प्रत्येकाचा पहिला नंबर वेगळा निघू शकतो.

प्रश्न : माझं सातपूरला खुर्च्या-टेबलांचं वर्कशॉप आहे. व्यापारी 'जर्मन स्टीम बीच' म्हणून घनफुटाला जास्त भाव लावतात, रोमानिया आणि क्रोएशियाचा माल स्वस्त देतात. मिस्त्री म्हणतो, जर्मनच घ्या. फरक लाकडाचा आहे की नावाचा?

उत्तर : तुमच्या मिस्त्रीला एक काम सांगा. तीन देशांच्या तीन फळ्या रंधून, नाव झाकून समोर ठेवा आणि ओळखायला लावा. नाही ओळखता येत. बीचला सीमा कळत नाही. मध्य जर्मनी असो, कार्पेथियन डोंगर असोत की क्रोएशिया-बोस्नियाचे, जात एकच.

तरीही भावातला फरक निव्वळ नावाचा नाही. तो फळीवर झालेल्या कामाचा आहे. ताजा चिरलेला बीच फिकट असतो. वाफ दिल्यावर गुलाबी-तपकिरी होतो, आतला ताण सैल होतो, किडी-बुरशीचा बंदोबस्त होतो. त्यानंतर भट्टीत सुकवणं. घाईने सुकवलेला बीच बाहेरून छान दिसतो आणि आत तडकलेला निघतो. तुम्ही एवढं करा : थप्पीतली मधली फळी काढायला सांगा, वरची नको. टोकापासून वीतभर आत आडवी कापा. कापलेल्या तोंडावर रंग कडेपासून मध्यापर्यंत सारखा हवा; मधे फिकट पट्टा असेल तर वाफ आतपर्यंत पोचलेली नाही. त्याच ताज्या कापावर ओल मोजायचं मीटर लावा. दहा-बारा टक्क्यांच्या आत ओल असेल तर नाशिकच्या मे महिन्यात खुर्ची बोलणार नाही. सोळा असेल तर बोलेल, आणि गिऱ्हाईक तुम्हाला बोलेल. लाल गाभा किती आहे तेही बघा. ताकदीत तो कमी नसतो, पण पॉलिशखाली डाग दिसतो, म्हणून त्याची प्रत खाली लागते. पॉलिश गडदच करणार असाल तर तोच माल मुद्दाम मागून घ्या, पैसे वाचतील.

आणखी एक. कागदावर 'कोपर' असं लिहिलेलं असलं की आपले लोक 'स्लोव्हेनियाचा माल' म्हणून मोकळे होतात. कोपर हे बंदर आहे. तिथून ऑस्ट्रिया, हंगेरी, क्रोएशिया, बोस्निया सगळ्यांचा माल चढतो. चढवल्याचं बंदर आणि उगमाचा देश हे कागदावरचे दोन वेगळे रकाने, दुसरा वाचा. ही खोड जुनी आहे म्हणा. शंभर वर्षांपूर्वी लंडनचे व्यापारीही 'रीगा', 'डान्झिग', 'ओडेसा' अशी बंदरांचीच नावं ओकला लावायचे, आणि आपणही बल्लारशाहला लिलाव झालेल्या सगळ्या सागाला एकच नाव देतो.

बीच आपल्याकडे एवढा का यायला लागला, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. युरोपच्या घरांत 2000 च्या सुमारापासून ओकची चलती आली आणि बीच मागे पडला. जंगलात तर तो होताच. त्याला आशियात गिऱ्हाईक शोधावं लागलं. त्यांची हौस फिटली, तुमची सोय झाली.

प्रश्न : मी पेठ तालुक्यात शिक्षक होतो, आता पंचवटीत राहतो. लहानपणापासून ऐकत आलो की इंग्रजांनी डांग-सुरगाण्याकडचा साग जहाजांसाठी नेला. इंग्लंडमध्ये स्वतःचा ओक होता, शेजारी सगळा युरोप होता. मग एवढ्या लांब यायची वेळ का आली? बाकीच्या देशांनी काय केलं?

उत्तर : गुरुजी, ओक होता, पण हवा तसा नव्हता. जहाजाच्या बरगड्यांना सरळ लाकूड चालत नाही, निसर्गतःच वाकलेलं लागतं, आणि तसं झाड दाट जंगलात वाढत नाही. शेताच्या बांधावर एकटं, ऐसपैस वाढतं. अशी झाडं मोजकी. 'व्हिक्टरी' हे 1765 चं जहाज, त्याला सुमारे सहा हजार झाडं लागली असं सांगतात.

फळ्यांसाठी इंग्लंड आणि हॉलंड आधीपासून बाल्टिककडे बघत. पोलंडचा ओक व्हिस्तुला नदीतून डान्झिगला यायचा आणि तिथून चिरफाळलेल्या फळ्या पश्चिमेला जायच्या. फ्लँडर्सच्या जुन्या चित्रकारांनी ज्या ओकच्या फळ्यांवर चित्रं काढली, त्यांची वाढवलयं मोजून आज कळतं की लाकूड बाल्टिककडचं. 1655 नंतर स्वीडनने पोलंड तुडवला, आणि सतराव्या शतकाच्या मध्यानंतर चित्रांच्या फळ्यांतून ते लाकूड दिसेनासं होतं.

इथे हॉलंड आणि इंग्लंड शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. हॉलंडकडे जंगल जवळपास नव्हतंच. पण 1594 मध्ये कॉर्नेलिस कॉर्नेलिस्झूनने पवनचक्कीवर चालणारी करवत उभी केली. ऱ्हाईनमधून ब्लॅक फॉरेस्टचं लाकूड शेकडो मीटर लांबीच्या तराफ्यांनी डॉर्ड्रेख्टला यायचं, झान नदीच्या काठी चिरलं जायचं, आणि जंगल नसलेला देश सगळ्या युरोपला जहाजं विकायचा. इंग्लंडमध्ये मात्र हाताने करवत ओढणाऱ्यांचा अशा गिरणीला इतका विरोध, की लंडनच्या लाइमहाउसमधली डिंग्लीची करवत-गिरणी 1768 मध्ये जमावाने मोडून टाकली. मला त्या लोकांचा राग येत नाही. खड्ड्यात उभं राहून, डोळ्यांत भुसा घेत करवत ओढणाऱ्याच्या पोटावरच पाय येत होता.

बाकीच्यांनी जंगलं राखली. व्हेनिसने 1471 मध्ये माँतेल्लोच्या जंगलातला ओक आरमारासाठी राखून ठेवला, पुढे वल्ह्यांसाठी कान्सिल्योच्या जंगलातला बीच. फ्रान्समध्ये राजाचा मंत्री कोल्बेर याचा वनकायदा 1669 चा. स्वीडनने उशिरा, 1830 च्या दशकात व्हिसिंग्सो बेटावर आरमारासाठी ओक लावले. 1975 मध्ये वनखात्याने नौदलाला कळवलं की तुमचं लाकूड तयार आहे. नौदल तोवर पोलादात गेलं होतं.

इंग्रजांनी मात्र राखण्यापेक्षा आणण्यावर भर दिला. 1721 मध्ये अमेरिकेतल्या वसाहतींच्या लाकडावरची जकात उठवली, म्हणून जमैकाचं महोगनी लंडनच्या दिवाणखान्यात आलं. नेपोलियनने बाल्टिकची वाट अडवल्यावर कॅनडा. आणि आरमारासाठी साग. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेली 'ट्रिंकोमाली' 1817 ची. तिचा साग मलबारचा, आपल्याकडचा नव्हे, पण तुम्ही ऐकलंत तेही खरं : डांगच्या भिल्ल राजांकडून इंग्रजांनी जंगलाचे पट्टे 1840 च्या दशकात घेतले. सागात तेल असतं, लोखंडी खिळा त्यात टिकतो. ओकमधलं टॅनिन खिळा खातं. हे गणित गोदीतल्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. स्वतःच्या बेटावर जंगल वाढवायला सरकारी खातं त्यांनी काढलं ते 1919 मध्ये, पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी लाकडाची वाट अडवल्यावर. आपल्यावर वनखातं त्याच्या अर्धशतक आधीच बसलं होतं : 1864, पहिले महानिरीक्षक डिट्रिच ब्रँडिस, आणि तेही जर्मन.

प्रश्न : दिंडोरीकडे एका वायनरीत काम करते. आमच्याकडे फ्रेंच ओकची पिंपं येतात, हंगेरियन आणि अमेरिकनही. फ्रेंच पिंप सगळ्यांत महाग. हे आधीपासून असंच आहे का? आणि बाद झालेली पिंपं स्वस्तात मिळतात, त्यांच्या लाकडाचं बाकडं करून घेऊ का?

उत्तर : आधीपासून मुळीच नाही. एकोणिसाव्या शतकात बोर्दोचे दारूवाले पिंपांसाठी बाल्टिकच्या ओकला, रीगा आणि श्टेटिनहून येणाऱ्या मालाला, मोठा मान द्यायचे. स्लाव्होनियाचा ओकही पट्ट्या फाडून, ट्रिएस्ट आणि रिएकाच्या बंदरांतून फ्रान्सला जायचा. त्या पायी तिथली जुनी जंगलं साफ झाली. 'फ्रेंच म्हणजेच उत्तम' ही समजूत आजच्या थाटात विसाव्या शतकातच रुजली. गंमत अशी की आज ज्या त्रोंसेच्या जंगलाचं नाव घेऊन भाव चढवतात, ते सतराव्या शतकात कोल्बेरच्या काळात आरमारासाठी राखलेलं. झाड मोठं होईतो आरमाराला नको झालं, मग दारूला मिळालं.

भावाचं कारण मात्र खोटं नाही. फ्रेंच आणि हंगेरियन ओक एकाच जातींचे. हंगेरीचा चांगला माल झेम्प्लेन डोंगरातला. या ओकच्या लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या बारीक नळ्या पुरत्या बुजलेल्या नसतात. करवतीने आडवातिडवा चिरला तर पिंप पाझरतं, म्हणून धाग्याच्या रेषेत फाडावा लागतो. त्यात ओंडक्याचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा पट्ट्यांच्या कामाचा निघतो. अमेरिकेच्या पांढऱ्या ओकच्या नळ्या आपोआप बुजलेल्या, तो सरळ करवतीवर चालतो आणि जवळपास दुप्पट माल देतो. त्यावर फाडलेल्या पट्ट्या दोन-तीन वर्षं उघड्यावर, पावसात-उन्हात रचून ठेवायच्या. एवढा काळ पैसा अडकतो, तो 225 लिटरच्या पिंपाच्या किमतीत येतोच. हंगेरियन पिंप स्वस्त पडतं ते नावामुळे. तुमच्या वाइनमेकरला चव चालत असेल तर मी तेच घेईन.

वरच्या विद्यार्थ्यासाठीही यात एक गोष्ट आहे. पिंप 4416 कोडाखाली जातं. फ्रान्सचा सगळ्यात किमती ओक ओंडका किंवा फळी म्हणून मोजलाच जात नाही, पिंप म्हणून जातो.

बाकड्याचं म्हणाल तर घ्या, पण बेत बघून. पट्टी दोन्ही अंगांनी वाकलेली, कडा तिरक्या तासलेल्या. सपाट फळी काढायला गेलात तर निम्मा भुसा होईल. वाक तसाच ठेवून पाठीला वापरा, बसायला दुसरं लाकूड घ्या. आतली बाजू भाजलेली असते. ती वरवर रंधून चालत नाही, काळपटपणा खोल असतो. ती बाजू मागे वळवा. रेड वाइनचं पिंप असेल तर जांभळा डाग जाणार नाही, तो आवडून घ्यावा लागेल. आणि लोखंडी खिळा मारू देऊ नका. पहिल्या पावसाळ्यात खिळ्याभोवती शाईसारखे काळे ओघळ दिसतील. पितळी किंवा स्टेनलेसचे स्क्रू आणायला सांगा, आणि मिस्त्री 'काही होत नाही हो' म्हणाला तरी आधी एका तुकड्यावर ओला खिळा रात्रभर ठेवून त्याला दाखवा.